फरशीवर मांडलेलं पान

दिल्लीतल्या माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनचं पार पानिपत झालं. खरं पानिपत तिथून बसच्या टप्प्यात आहे, त्यामुळे हा शब्द मी उगाच वापरला असं कुणी समजू नये. आमची कंपनी कपडे धुण्याची यंत्रं विकायची. देशाची दारं नुकतीच उघडली होती, दुकानांत रोज नवी परदेशी नावं दिसत होती, आणि आमच्यासारख्या कंपन्यांना अचानक ‘ग्राहक’ नावाच्या प्राण्याविषयी जिज्ञासा उत्पन्न झाली होती. ती भागवायला मला पुण्याहून गुडगावला आणलेलं. यंत्र घेतल्यावर लोक कशाकशाच्या तक्रारी करतात ते शोधायचं आणि वरच्या मंडळींना सांगायचं, हे माझं काम.

सांगायचं कसं ते आपल्याला चांगलं येतं, अशी माझी ठाम समजूत होती. शाळेत वक्तृत्व स्पर्धेच्या ढाली आणल्या होत्या मी. आपल्याकडे बोलण्याची एक रीत असते. आधी सन्माननीय अध्यक्ष आणि गुरुजनवर्ग. मग प्रास्ताविक. मग विषयाची पार्श्वभूमी, जमल्यास वेदकाळापासून. मग मुद्दे, चढत्या क्रमाने, आणि सगळ्यात मोठा मुद्दा अगदी शेवटी, टाळ्यांच्या जरा अलीकडे. नुसतं कुणाच्या घरी काही मागायला गेलो तरी आधी चहा होतो, पोह्यांचं कौतुक होतं, कुणाकुणाच्या तब्येती होतात, आणि निघताना चपला घालता घालता आपण म्हणतो, “हां, एक सांगायचं राहिलंच.”

तर मी त्या रीतीने सुरुवात केली. तेव्हा पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदांवर रंगीत पेनांनी लिहायचं, तो कागद प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायचा आणि भिंतीवर अक्षरं मोठी व्हायची. माझ्या पहिल्या कागदावर होतं, ‘भारतीय स्त्री आणि धुणं’. चौथ्या कागदापर्यंत मी नदीकाठावरच होते. आमचे साहेब पंजाबी, आवाजाने मोठे, मनाने वाईट नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

“मैडम, बहुत अच्छा है. पर बात क्या है?”

“सर, वही बता रही हूँ.”

“वो तो आप कब से बता रही हैं.”

लोक हसले. तेवढ्यात वीज गेली, खाली जनरेटर धडधडायला लागला, आणि दिवे आले तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहेर समोसे आले होते. माझा मोठा मुद्दा शेवटच्या कागदावर तसाच राहिला. तो मुद्दा खरोखर चांगला होता, हे मी आजही सांगेन. पण तो ऐकायला कोणी थांबलं नाही.

मी राहायची दिल्लीच्या टोकाला, द्वारका नावाच्या नव्या वस्तीत. आज तिथे मेट्रो आहे, दुकानं आहेत, गाड्या लावायला जागा मिळत नाही. तेव्हा नुसत्या सोसायट्यांच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यांच्यात माणसं भरायची राहिली होती. लोकांनी फ्लॅट घेऊन कुलपं घालून ठेवलेली. लिफ्टच्या जागी एक खोल भोक होतं, त्याला फळ्या ठोकल्या होत्या. पाण्याचा टँकर यायचा. सकाळी चार्टर्ड बस पकडून मी गुडगावला जायची, मोहरीच्या शेतांत उगवलेल्या काचेच्या इमारतीत दिवसभर बसायची आणि त्याच बसने परत यायची. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या इमारतीत क्वचित एखादी खिडकी उजेडाची दिसे. डोक्यावरून विमानं इतकी खाली जात की खिडक्यांच्या काचा थरथरत. त्यातलं पुण्याचं कुठलं ते मला ओळखता यायचं नाही, म्हणून मी कुठलंही धरायची.

पुण्यात माझा नवरा, माझी मुलगी आणि सासूबाई. मी ज्या कंपनीत होते ती बंद पडली, तेव्हा नवऱ्याची कॉलेजातली पक्की नोकरी होती. तो अर्थशास्त्र शिकवतो. गुडगावची जाहिरात त्यानेच मला दाखवली. “जा. वर्षभराचा तर प्रश्न आहे,” म्हणाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी डबे भरून दिले, आणि त्यांच्या बाबतीत तो होकार असतो. मुलगी तेव्हा पहिलीत होती. वर्षभर म्हणता म्हणता ती तिसरीत गेली.

एकटेपणाचं मला आधी फार काही वाटलं नव्हतं. मी तशी बडबडी, पण सोशीक आहे अशी माझी कल्पना. हळूहळू लक्षात आलं की सोमवार ते शनिवार माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द बाहेर पडत नाही. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, भाजीवाल्याशी हिंदी. मग मी कुकरशी मराठीत बोलायला लागले. “आता वाज की बाई,” असं. रविवारी दुपारी बाजारातल्या टेलिफोन बूथवरून घरी फोन करायचा, तर पहिली दोन वाक्यं घशात अडकायची आणि तोंडातून भलतंच यायचं. मी ‘अच्छा’ म्हटलं की नवरा पलीकडून म्हणायचा, “अच्छा काय अच्छा? बरं म्हण, बरं.”

मुलीशी बोलायची माझी एक ठरलेली सुरुवात होती. जेवलीस का? आजीने काय केलं होतं? शाळा काय म्हणते? वेणी कोणी घातली? ती एकेका शब्दात उत्तरं द्यायची. तिला एकच विचारायचं असायचं आणि मला ते माहीत होतं, म्हणून मी प्रश्नांमागून प्रश्न लावत जायची. तिला मधे शिरायला फटच ठेवायची नाही. शेवटी ती म्हणायची, “बाबाला देऊ?” मी लगेच हो म्हणायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. अशी मी आई.

कधीमधी सरोजिनी नगरला जाऊन तिच्यासाठी फ्रॉक घ्यायची. तिथे परदेशी जाणारे कपडे कुठल्या तरी खोटीमुळे परत आलेले असतात, ढिगाने पडलेले. दुकानदार विचारायचा, “कितनी बड़ी है बच्ची?” आणि मी कमरेपाशी हात धरून दाखवायची, “इतनी.” दिवाळीत घरी गेले तेव्हा फ्रॉक तिच्या काखेत बसेना. सासूबाई म्हणाल्या, “असू दे, खालच्या मजल्यावरच्या मुलीला होईल.” परत आल्यावर सरोजिनीत पुन्हा तोच प्रश्न आला आणि माझा हात पुन्हा त्याच उंचीवर गेला. मी तो मुद्दाम वर उचलला. कुठवर उचलायचा ते मात्र मला कळेना.

एका जानेवारीत दिल्लीतल्या मराठी मंडळींनी पानिपतच्या रणभूमीवरच्या स्मारकाला, काला अंबला जायला बस केली, तीत मीही गेले. लोकांनी तिथली माती कपाळाला लावली, एका आजोबांना रडू आवरेना. मलाही भरून आलं. येताना बसमध्ये भेंड्या सुरू झाल्या, पुरीभाजीचे डबे उघडले, पोरं आयांच्या मांडीवर झोपली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. पानिपतावर गेलेल्यांनी निदान बायकामुलं तरी बरोबर नेली होती, असा एक अभद्र विचार माझ्या मनात आला. पुढच्या वर्षी मी त्या बसने गेले नाही.

बस टाळली त्याच हिवाळ्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पश्चिमेकडे कुठेतरी एक केंद्र काढायचं होतं. गावोगावच्या मेकॅनिकना तिथे बोलवायचं, यंत्र खोलायला आणि जोडायला शिकवायचं, परत पाठवायचं.

“पुणे, नागपुर, इंदौर,” साहेबांनी बोटांवर मोजलं. “कहाँ खोलें, ये आप बताइए. डायरेक्टर लोग सुनेंगे. और हाँ, वहाँ सँभालने वाला भी कोई चाहिए.” मग जरा हसून म्हणाले, “आप ही क्यों नहीं?”

मी बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. पुणे. मी फक्त पुणे म्हणायचं होतं, नीट म्हणायचं होतं, आणि घरी जायचं होतं. सकाळी मुलीची वेणी घालून ऑफिसला. संध्याकाळी परत. एवढी साधी गोष्ट कुणाला प्रेझेंटेशन करून मिळवावी लागते का? मला लागणार होती. आणि या खेपेला नदीकाठापासून सुरुवात करून चालणार नव्हतं.

म्हणून मी आधी बोलायचं काय तेच मांडायला बसले. माझ्या घरात टेबल नव्हतं, पण फरशी भरपूर होती. प्रोजेक्टरच्या प्रत्येक प्लॅस्टिकमागे एक पातळ पांढरा कागद यायचा, ते कागद मी साठवले होते. त्यांच्या चिठ्ठ्या कापल्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. सुचेल ती. रविवारी सकाळी ऊन दिवाणखान्यात यायचं, त्यात बसून लिहीत राहिले. दुपारपर्यंत फरशीभर चिठ्ठ्या झाल्या, आणि माझी अवस्था आधीपेक्षा वाईट. सगळंच महत्त्वाचं दिसत होतं. कुठून सुरुवात करावी ते कळेना, तशी मी वैतागून स्वयंपाकघरात गेले आणि ताट वाढून घेतलं.

एकटीच्या जेवणाला ताट कसलं म्हणा. पण माझी आई या बाबतीत कडक होती. पान वाढायची एक पद्धत असते आणि ती मोडायची नाही. सगळ्यात आधी मीठ, वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. ही तोंडी लावणी, लागेल तशी बोटाने घ्यायची. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी, ज्यांनी पोट भरतं ते. आणि खाली मधोमध भात, त्यावर वरण, वर तूप. लहानपणी मी एकदा चटणी उजवीकडे वाढली तर आईने पाहुण्यांसमोर ताट मागे घेतलं होतं. त्या दिवशी माझं लक्ष मिठाकडे गेलं, मग दिवाणखान्यातल्या चिठ्ठ्यांकडे गेलं, आणि मी जेवण अर्धवट टाकून उठले.

फरशीवर मी एक मोठं पान मांडलं. वर मीठ: ज्याच्याशिवाय पुढचं सगळं अळणी, अशी एकच चिठ्ठी. ‘यंत्र बिघडलं की दुरुस्त करणारा माणूस येत नाही.’ बाकीच्या चिठ्ठ्या एकेक करून हातात घेतल्या आणि स्वतःला विचारलं, हिने पोट भरतं का ही तोंडी लावणं आहे? पुण्याची हवा चांगली, डावीकडे. साहेबांचे मेहुणे इंदूरला असतात, ही तर ताटातच नको. जेवणात पहिला घास वरणभाताचा असतो, चटणीचा नसतो, हेही मला तेव्हा आठवलं. घरात जन्मभर पहिला घास वरणभाताचा घेतला आणि भाषणात मात्र मी लोकांना आधी वाटीभर लोणचं खायला लावत होते. मी एकटीच मोठ्याने हसले. रिकाम्या घरात हसू फार विचित्र ऐकू येतं.

मधोमध भाताच्या जागी मी मोठ्या अक्षरांत ‘पुणे’ लिहून ठेवलं. ते आधीच ठरलं होतं.

मग उजवी बाजू वाढत गेले. तक्रारींची सगळ्यात जुनी, अनुत्तरित पत्रं कुठली? अमरावती, चंद्रपूर, रायपूर, जबलपूर. पुण्याकडच्या तक्रारीला दुसऱ्या दिवशी माणूस जात होता. रायपूरच्या मेकॅनिकला पुण्याला यायचं तर गाडी नागपूरवरूनच यायची. चारी दिशांच्या गाड्या तिथेच भेटतात. आणि पुण्यात पोरं शिकवून तयार केली की पिंपरी-चिंचवडचे कारखाने ती उचलून नेणार. हे मी माझ्या जुन्या नोकरीत डोळ्यांनी पाहिलेलं. उजवीकडची एकही चिठ्ठी मधल्या भाताला हात लावायला तयार नव्हती. पुण्याच्या बाजूने जे काही होतं ते सगळं डावीकडे जाऊन बसलेलं, चटणी-कोशिंबिरीसारखं. उकडीच्या मोदकांच्या पानात मधोमध पावभाजी वाढावी तसं ते दिसत होतं.

मी ‘पुणे’ उचलून ‘नागपूर’ ठेवलं. सगळं पान एकदम जमून आलं. तेव्हा मला इतका राग आला की मी नागपूर चोळामोळा करून फेकून दिलं.

पुढचा आठवडाभर पान तसंच फरशीवर होतं. मी त्याला वळसा घालून चालायची. एकदा मी उजवीकडच्या दोन चिठ्ठ्या काढून पाहिल्या. रायपूर आणि कारखाने. त्या नसत्या तर पुणे कसंबसं उभं राहत होतं. मग त्या परत ठेवल्या. प्रामाणिकपणा वगैरे मोठे शब्द नकोत. कुणीतरी पहिल्याच प्रश्नात ते विचारील आणि मी पुन्हा तोंडावर पडेन, ही भीती त्यात बरीच होती. पण सगळी भीतीच होती असंही नाही. आईने ताट मागे घेतलं होतं तो प्रसंग काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

रविवारी फोनवर मुलगी ‘बाबाला देऊ?’ म्हणाली, आणि नवरा आला.

“तुला जरा वेळ आहे का? म्हणजे बघ, असं आहे, की साधारण...”

“प्रास्ताविक नको,” तो हसून म्हणाला. माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनची गोष्ट मी त्याला सांगितल्यापासून तो घरातला विनोद झाला होता.

“ठीक आहे. मी तुला चिठ्ठ्या वाचून दाखवते. मधली सोडून. मधे काय हवं ते तू सांग.”

साहेबांचं बोलणं त्याला आधीच माहीत होतं. या मांडणीवर काय अवलंबून आहे तेही. मी पाठ झालेल्या चिठ्ठ्या म्हणून दाखवल्या, मिठापासून. डावी बाजू सांगितली, उजवी सांगितली. मी त्या दोन चिठ्ठ्या वगळल्या नाहीत. पलीकडे आमच्या घरातला कुकर शिट्टी देत होता आणि सासूबाई मुलीला काहीतरी रागावत होत्या.

“ऐकतोयस ना?”

“नागपूर,” तो म्हणाला.

“नक्की?”

“मला परत विचारू नकोस. परत विचारलंस तर मी पुणे म्हणेन.”

मी परत विचारलं नाही. बूथच्या काचेच्या खोक्यातून बाहेर आले आणि मला त्याचा भयंकर संताप आला. अर्थशास्त्र शिकवतो म्हणे. एकदा, फक्त एकदा त्याला चुकीचं उत्तर देता आलं नसतं का? मी घरापर्यंत त्याला मनातल्या मनात बोल लावत गेले. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर मी बसून रडले. कुलूपबंद दारांची एक सोय असते, कोणी बाहेर येऊन काय झालं विचारत नाही. कोणीतरी विचारायला हवं होतं.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी पहिला कागद काचेवर ठेवला. त्यावर एकच ओळ होती. ‘केंद्र नागपूरला काढावं.’ मग मीठ. मग उजवी बाजू, एकेक वाटी. डावी बाजू मी कागदांवर घेतलीच नव्हती, विचारलं तर द्यायची म्हणून तोंडी ठेवली होती. वीज गेली तेव्हाही मी थांबले नाही, अंधुक उजेडात बोलत राहिले, आणि कोणी उठलं नाही. शेवटी एका डायरेक्टरांनी चष्मा काढून विचारलं, “पुणे क्यों नहीं? पुणे तो अच्छा शहर है.”

त्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं होतं. प्रत्येक मुद्दा जागच्या जागी, आवाज स्थिर. वकील लावूनही पुण्याविरुद्ध कुणी इतकं पटण्यासारखं बोलू शकलं नसतं. डायरेक्टरांनी मान डोलावली आणि नागपूर मंजूर झालं.

समोसे आले. या खेपेला ते माझ्यासाठी होते. साहेब हातात बशी घेऊन भर कॉरिडॉरमध्ये म्हणाले, “देखा? अब खुश? आपको घर भेज रहे हैं!”

“सर, मेरा घर पुणे में है.”

“हाँ हाँ, वही. महाराष्ट्र ही तो है.” त्यांनी माझ्या बशीत आणखी एक समोसा ठेवला. “जाइए, बच्ची के पास जाइए.”

ते मनापासून आनंदले होते. आसपासच्या मंडळींनीही हात मिळवले, घरी जाणार म्हणून अभिनंदन केलं. नागपूरहून पुणं म्हणजे गाडीत बसायचं आणि सारी रात्र काढून दुसऱ्या दिवशी उतरायचं, हे त्यांना सांगून काय उपयोग होता? दिल्लीवरून पाहिलं की ती दोन गावं शेजारी शेजारीच दिसतात. आणि त्यांची तरी काय चूक? एवढ्या चिठ्ठ्या केल्या मी, पण मला घरी जायचं आहे हे एकाही चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. ते पानात कुठे वाढायचं असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी त्या दिवशी सगळ्यांना सगळं नीट सांगितलं आणि हे तेवढं सांगितलं नाही. समोसा खाल्ला. गार होता.

नागपूरला हो म्हणायचं मी बसमधून परत येतानाच ठरवलं. द्वारकेपेक्षा ते जवळ होतं. सुट्टी जोडून आली तर गाडीने जाऊन येता येणार होतं. महिन्यातून एखादा रविवार. कानावर मराठी तरी पडेल. मी हे सगळं मनात उजवीकडे मांडत गेले, पण या खेपेला पोट भरत नव्हतं.

रविवार आला. फरशी मी शनिवारीच झाडून घेतली होती. बूथवर गर्दी होती, माझा नंबर यायला वेळ लागला. तोवर मी मनात सगळं लावून ठेवलं होतं: आधी जेवणाचं विचारायचं, मग शाळेचं, मग नागपूर किती छान, संत्री, महाराजबागेतले प्राणी, आणि मग ओघात हळूच. फोन मुलीनेच उचलला.

“जेवलीस का गं?” मी म्हणाले. “आजीने आज काय...”

“आई, थांब.” तिला कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, किंवा तिने स्वतःच ठरवलं असावं. तिचा आवाज परीक्षेला बसल्यासारखा होता. “आधी सांग. तू घरी येणार आहेस की नाही?”

संत्री, प्राणी, सुट्ट्यांच्या गाड्या, सगळं माझ्या जिभेवर होतं. काचेबाहेर पुढच्या नंबरचा माणूस घड्याळ बघत होता.

“नाही,” मी म्हणाले. “नागपूरला जाणार आहे.”

ती ‘बाबाला देऊ?’ म्हणेल म्हणून मी वाट पाहत राहिले. ती ते म्हणाली नाही.

“बरं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, अगदी माझ्याच आवाजात तिने विचारलं, “तू जेवलीस का?”

“नाही,” मी म्हणाले. तेही खरंच होतं.